लाल दिवा

दुरुस्तीच्या दुकानात रेडिओ घेऊन बसलेल्या शिंप्याच्या कानावर शेजारी बसलेल्या, लग्नात गाणी वाजवायचा धंदा करणाऱ्या दीर-भावजयीचं भांडण पडत होतं.

“काल साउंड मिक्सरचा लाल दिवा लागला, तरी आवाज वाढवलास?”

“वहिनी, लोक नाचत होते!”

“आणि स्पीकर जळत होता! दिवा हिरवा ठेव म्हणून शंभरदा बजावलं होतं. आता हा दुरुस्तीवाला म्हणतो, उद्याशिवाय होणार नाही. आज संध्याकाळच्या लग्नात काय, टाळ्या वाजवू?”

“जुना स्पीकर लावू.”

“तो तूच विकलास ना, रंगीत दिवे घ्यायला?”

“परत मागून आणतो.”

“कुणाकडून?”

“आजच्या नवरीच्या मामाकडून.”

“त्यांच्याच भाचीच्या लग्नात त्यांचाच स्पीकर? शोभतं का रे!”

“तुम्ही बोला ना, वहिनी.”

“मागायचं तू. आणि आवाजाच्या बटणाला आज हात लावलास, तर बघ!”