बिनआवाजाचा पंखा

...आणि वर तो दुकानदार काय म्हणाला, ठाऊक आहे? "लै जाओ भाई, एकदम सायलेंट! चालू छे के बंद, खबर ज नहीं पडे!" अहो, खबर पडत नाही म्हणूनच तर मेलोय मी! वस्तू चांगली आहे हो, वस्तूबद्दल आपली काही तक्रारच नाही!

तुम्हाला सांगतो, मी सुकलाल, राहणार इकडे गुजराती मुलखात, गोडादऱ्याला, गाव अमळनेरकडचं, लूमच्या कारखान्यात कायमची रातपाळी. जगाची सकाळ झाली की आमची रात्र होते. रात्रभर त्या कापड विणणाऱ्या मागांचं खटाक-खटाक, खटाक-खटाक... शेजारच्याकडे तंबाखू मागायची तर त्याच्या कानात तोंड घालावं लागतं! घरी आलो तरी माझा आवाज तसाच चढलेला. मी नुसता चहा मागितला की समोरची बाई दारात येते, भांडण कशावरून लागलं ते बघायला! अशा माणसानं वर्षभर पैसे साठवून जरा सुखाची झोप विकत घ्यायची म्हटली, तर काय चुकलं हो?

तर घेतलं सगळं. आधी फोमची गादी. मग खिडकीला जाड पडदा. मग हा पंखा. काय पंखा! बदामी रंग, सोनेरी पट्टी. जुना खडखड्या पंखा हसत हसत भंगारवाल्याला दिला. सकाळी पाळीवरून आलो, आंघोळ केली, पडदा ओढला, गादीवर पडलो, आणि डोळे मिटले...

आणि उघडले.

काहीच ऐकू येईना! अहो, शांतता म्हणजे काय ते मला तोवर ठाऊकच नव्हतं. नळाचा थेंब ऐकू येतो. पाल चालते ती ऐकू येते. स्वतःचं पोट ऐकू येतं! या कुशीवर, त्या कुशीवर, पाय भिंतीला, उशी पायाला... आमची सरला दारातून बघत्येय. "पंखा नवा शे, गादी नवी शे, बठ्ठं नवं शे, मंग तुमले झोप काब्रं येत नही?" आता काय सांगू तिला? वस्तू चांगली आहे हो, वस्तूबद्दल तक्रारच नाही!

पण गंमत घरात. कारखान्यात कसली गंमत? चालत्या मागापुढे मला डुलक्या यायला लागल्या. सुताचा तार तुटलेला कळेना, कापडात डाग पडायला लागले. मगनशेठ मागे येऊन उभे! "अल्या सुकलाल, ऊंघवुं होय तो घेर जा ने! गेट पर बीजा घणा ऊभा छे!" झोपायचं तर घरी जा म्हणे, गेटवर दुसरे पुष्कळ उभे आहेत. खरंच उभे असतात हो. आणि नोकरीचं सोडा, चालत्या मागावर पेंगणाऱ्याची बोटं जातात. भीती वाटायची मला. खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात सासूबाई आल्या गावाहून, मंगलाबाई. नवी गादी बघितली, "जवाई, कितली मऊ गादी शे हाई!" म्हणाल्या, आणि भरदुपारी आडव्या झाल्या. मी खाली सतरंजीवर. आणि अशा घोरल्या, काय सांगू! घर्रर्र-खट, घर्रर्र-खट... आणि तुम्हाला सांगतो, मी झोपलो! मुडद्यासारखा झोपलो! त्या होत्या तोवर रोज झोपलो. जायला निघाल्या तर मी पिशवी धरून ठेवली, "राहा ना अजून!" सासूला राहा म्हणणारा जावई उभ्या खानदेशात कुणी बघितला नसेल. सासूबाई घाबरून ठरलेल्या गाडीच्या आदल्याच गाडीनं गेल्या!

पण सरलाच्या डोक्यात उजेड पडला. माझ्याच पाळीला असणाऱ्या पंडितच्या हाती तिनं घरातला टेपरेकॉर्डर दिला, कोरी कॅसेट दिली, आणि कारखान्याचा आवाज भरून आणवला. खटाक-खटाक, खटाक-खटाक... कानावर पडला आणि मी गादीत विरघळलो. वा!

पण कॅसेटला बाजू असते ना हो! ती संपली. फट्... आणि शांत. आता माग थांबला म्हणजे काय? तार तुटला! शेठ यायच्या आत जोडला पाहिजे! मी मिटल्या डोळ्यांनी ताडकन उठलो, हात फिरवला, तार सापडले, जोडायला लागलो. "आवो, सोडा! मन्ही वेणी शे ती!" सोडू कशी? विणकराची गाठ ती, सुटते का? शेवटी कात्री लावावी लागली. महिनाभर बिचारी डोक्यावरून पदर घेऊन पाण्याला गेली. वस्तू चांगली आहे हो... कॅसेटसुद्धा चांगलीच आहे!

तेव्हापासून सरला टेपपाशी बसते. तांदूळ निवडते, आणि बाजू संपायच्या आत कॅसेट उलटते. मी झोपतो. कारखान्यात डुलकी नाही, डाग नाही, शेठ गप्प. झालं म्हटलं, सुटलो!

कुठलं सुटतोय? काल मधेच जाग आली. बघतो तर सरला भिंतीला टेकून गाढ झोपलेली, मांडीवर सूप. रोज ऐकून ऐकून तिलाही त्या आवाजाची सवय लागली हो! मी उठवायला गेलो, पण तिचा चेहरा बघितला आणि हात पुढे जाईना. कधीची दमली होती कुणास ठाऊक. मग बाजू संपायच्या आत मीच कॅसेट उलटली, तिला गादीवर नीट निजवलं, आणि बसलो टेपपाशी... काय करणार? घरात दोन माणसं, एकानं झोपायचं तर दुसऱ्याला पाळी करावीच लागते!