काचेतलं जॅकेट

नाही मावशी, बसत नाही, बर्फाचा चहाही नको—आधी ते जॅकेट दुकानाच्या काचेतून काढा. आत्ताच्या आत्ता. हसताय काय, व्हर्डेलमावशी! पाठीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत माझं आडनाव, खाली तुमची पाटी—‘कॅल्डरच्या वेण्या आम्हीच घालतो’—आणि समोर बसथांबा! अर्धं कॉलेज तिथे उभं असतं. कोण आलं?—हुश्श, पोस्टमन. मला वाटलं प्रुइट साहेब. आम्ही खेळाडू नियम पाळतो की नाही ते बघणारे हो—सकाळी बोलावलं होतं त्यांनी. जॅकेट ही कॉलेजनं दिलेली भेट, ती विकायची नाही म्हणे, कशाच्या बदल्यात द्यायची नाही, खेळणं संपेपर्यंत. शनिवारच्या रिलेतून काढतील मला! शेवटचा टप्पा माझा, बाकीच्या तिघी माझ्या भरवशावर—आणि कॉलेजच्या दुकानात माझ्या नंबरची जर्सी टांगून विकतात, ते चालतं! पाय माझे, घाम माझा, पण जॅकेट मात्र—जाऊ दे.

मी सांगितलं त्यांना, बदल्यात कसलं, प्रेमानं दिलं. आई तिकडे सव्हाना शहरात, इथे आख्ख्या अलाबामात माझ्या डोक्याला हात लावणारं दुसरं आहे कोण? प्रेमानंच दिलं होतं, हो ना? म्हणजे... देताना म्हटलं होतं मी, ‘आता वर्षभर वेण्या फुकट हं मावशी’—पण ते गमतीत! तुम्ही ‘बरं’ म्हणालात, तेही गमतीतच. मग दर स्पर्धेआधी येऊन बसले, पैसे नाही दिले—तुम्ही मागितलेच नाहीत! मागायचे ना! आणि हे साहेबांपुढे गिळून बसावं की नाही? नाही. भडाभडा सांगून आले. घाबरले की माझं तोंड थांबत नाही. तर म्हणाले, दिलेलं परत आण, घेतलेलं परत कर, मग बघू शनिवारचं.

काढलंत? आणा इकडे. रागावलात? अहो, नियम त्यांचा, मी काय करू? कॉलरला तुमच्या तेलाचा वास येतोय... अंगात घालत होतात? मला वाटलं, नुसतं काचेत—बसू? कशाला? बसते, बसते, खुर्ची नका फिरवू अशी. तो टोकदार कंगवा का घेतलात? आई गं—मावशी, वेण्या सोडताय? अहो, शनिवारी पळायचंय मला—

हो. म्हणाले मीच. घेतलेलं परत.

सोडा. सगळ्या सोडा. पण काहीतरी बोला तरी.