हमीद माझा मित्र आहे

मंडळी, अनघाताई, हमीदभाई,

देऱ्याहून, रास अल खैमाहून तुम्ही कामं सोडून आलात. काकांसाठी, तेही त्यांच्या शोकसभेला, इतक्या खुर्च्या मांडलेल्या मी पहिल्यांदाच पाहते आहे. म्हणूनच बोलणं जड जातंय.

अनघाताई काल म्हणाली, "बाबांच्या नोकरीबद्दल बोल, पण ते प्रकरण नको." आज सकाळी मी तिला पुन्हा विचारलं. म्हटलं, अर्धंच सांगितलेलं काकांना चाललं असतं का गं? ती मग म्हणाली, "बोल."

काका तिकडे आपल्या देशात जिल्हा न्यायाधीश होते. कोणाचं लग्न नाही, बारसं नाही, कोणाकडे चहासुद्धा नाही. उद्या तोच माणूस कोर्टात समोर उभा राहिला तर? एकच घर त्यांना होतं, शाळेतल्या मित्राचं. तिथे ते जेवायचे. गुपचूप. आणि त्याच मित्राची जमिनीची केस त्यांच्यापुढे आली. अशा वेळी "हा माझा मित्र आहे" एवढं सांगून केस दुसऱ्याकडे द्यायची असते. काकांनी सांगितलं नाही. निकाल मित्राच्या बाजूने दिला. मग चौकशी. सक्तीची निवृत्ती. पेपरात फोटो.

मी एकदा विचारलं होतं, "काका, निकाल चुकला होता का?"

"निकाल बरोबर होता. मी चुकलो. या न्यायाधीशाला मित्रच नाही, असं लोक कौतुकाने म्हणायचे. ते कौतुक सोडवेना."

मग ते इथे आखातात, रोल्लात लेकीकडे आले. इथेही तसेच राहिले. गणपतीत शेवटची खुर्ची, आरती संपली की निघाले. हमीदभाईंच्या टपरीवर रोज चहा घ्यायचे, पण घरी कधी नाही. हमीदभाई चिडवायचे, "साहेब, कोर्ट खलास झालं! माझ्या घरची मच्छी खाऊन आता कुठली केस बिघडणार?" काका हसायचे. जायचे नाहीत.

गेल्या महिन्यात हमीदभाईंचं आणि त्यांच्या भागीदाराचं वाजलं. दोघेही काकांकडे आले. साहेब, तुम्हीच निवाडा करा. मी तिथेच होते. इतक्या वर्षांनी कोणीतरी त्यांच्याकडे न्याय मागत होतं! काका आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले. खुर्चीत बसले. आणि म्हणाले, "हमीद माझा मित्र आहे. हे आधी सांगतो. चालत असेल तरच ऐकतो."

भागीदाराने मान खाली घातली. "मग नको, साहेब. माफ करा."

"माफी कसली? बरोबर आहे तुमचं."

काका उठले. खुर्ची त्यांनी स्वतःच भिंतीला लावली. हमीदभाई जायला निघाले. तेव्हा काकाच म्हणाले, "हमीद, मच्छी आहे का रे घरी?"

त्या दिवशी ते हमीदभाईंकडे जेवले. भात मागून घेतला म्हणे. तेवढं एकच जेवण झालं.

मंडळी, मी शेजारीण म्हणून बोलायला उभी राहिले. पण एक गोष्ट मी आधीच सांगायला हवी होती. काका माझे मित्र होते. माझं बोलणं तेवढं ध्यानात ठेवून तोला.

आता आपण थोडा वेळ शांत राहू या. ज्यांना काकांना मित्र म्हणावंसं वाटतं, त्यांनी फक्त उभं राहावं.

हमीदभाई, आधी तुम्ही.