नलूकाकूंची चार मिनिटं

मंडळी, बसलात का नीट? ते खांबाजवळचे — हो, तुम्हीच — तो मोबाइल जरा खिशात जाऊ द्या. आज कीर्तनाला एक साधा प्रश्न घेऊन उभा राहिलोय. आपण सगळे वेळ वाचवतो. मिक्सरने वाचवतो, गाडीने वाचवतो, नुसतं बोट फिरवून वाचवतो. मग हा वाचवलेला वेळ जातो कुठे? सांगा ना! कुणाच्या कपाटात सापडलाय? कुणाच्या फडताळात?

मी आपली एक जुळणी केलीय. चुकली तर पेटीवाल्या जोगळेकरांनी सूर मोठा करून झाकून घ्यावी —

वेळ वाचविला । गाठीसि बांधिला ।
सोडून पाहिला । गाठ रिती ॥

गाठ रिती! का बरं रिती? ऐका.

चिपळुणात फणसळकरांचं घर. घरात माणसं दोन. एक उपेंद्र — हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर, सेहेचाळीस वर्षांचा, लग्नाच्या भानगडीत न पडलेला. (शहाणा म्हणायचा! नाही, नाही, वहिनी, गंमत केली.) दुसरी त्याची आई, नलूकाकू, पंचाहत्तरीच्या. धाकटा मकरंद बारा वर्षं जर्मनीत. जाताना आपला कॉम्प्युटर मागे ठेवून गेला, आणि तो कॉम्प्युटर म्हणजे त्या घरातलं तिसरं माणूस! खंडेनवमीला आपण काय करतो? विळी, सुरी, कात्री पुजतो. नलूकाकू त्या कॉम्प्युटरलाही हळदकुंकू वाहायच्या, अक्षता टाकायच्या. उपेंद्र ओरडायचा, "आई, पंख्यात तांदूळ जातील!" त्या म्हणायच्या, "जाऊ देत. माझा मक्या बोलतो त्यातून."

बोलायचा कसा? दर रविवारी दुपारी चारला दोघे भाऊ खेळायला बसायचे. तो तिकडे, हा इकडे, आणि दोघांनी मिळून शत्रूचा किल्ला घ्यायचा! पडद्यावर हो! — या वयात? आजी, तुमच्या तोंडावर वाचला मी प्रश्न. हो, या वयात! वर्षानुवर्षं भेट नाही, सणाला येणं नाही, दोघा भावांना एकत्र बसायला जगात तेवढीच एक जागा उरलेली. उपेंद्र आठवडाभर त्या चार वाजण्याकडे डोळे लावून असायचा.

आता मशीन पडलं म्हातारं. किल्ला सुरू व्हायच्या आधी पडद्यावर एक पट्टी भरायची. मुंगीच्या पावलांनी! चार मिनिटं लागायची. मकरंदची पट्टी तिकडे दोन क्षणांत भरलेली, आणि दादासाठी तो खोळंबलेला. जाणार कुठे? कानाला यंत्र लावलेलं, खुर्चीत बसलेला — सापडला! नलूकाकू स्टूल घेऊन हजर. "मक्या, जेवलास का? सर्दी गेली? वरच्या मजल्यावरची ती म्हातारी बरी आहे का रे?" आणि मकरंद बोलायचा! हसायचा, चेष्टा करायचा, आमटीला फोडणी कशी देऊ म्हणून विचारायचा.

तुम्ही म्हणाल, बुवा, फोन नव्हता का? होता! पण फोन केला की — "आई, मीटिंगमध्ये आहे, करतो हं." करतो हं! हे दोन शब्द किती आयांनी ऐकलेत, हात वर करा. नको, राहू दे. बघवणार नाही मला.

बोलता बोलता नलूकाकू विचारायच्या, "उपू, भरलं का रे?"

"अर्धं राहिलंय, आई."

"हळू भरू दे."

लक्षात ठेवा हं हे वाक्य. हळू भरू दे.

एका रविवारी मकरंद वैतागला. "दादा, किती अडखळतं तुझं मशीन! मी उडी मारतो आणि तू हवेत गोठलेला! नवं काही टाक त्यात. नाही तर मी आपला इथल्या मित्रांबरोबर खेळतो."

झालं! उपेंद्रने मनाशी हिशेब मांडला. मित्रांबरोबर खेळतो म्हणजे रविवार गेला. रविवार गेला म्हणजे भाऊ गेला! दुसऱ्याच दिवशी तो परकारभाईंच्या दुकानात. परकारभाई दुरुस्तीत वाकबगार. म्हणाले, "मास्तर, याची मेमरी वाढवू." वाढवली. तर म्हणे चित्र दाखवणारं कार्ड जुनं. ते बदललं. तर नव्या कार्डाला वीज पुरेना! वीजपेटी बदलली. तर ते सगळं जुन्या डब्यात मावेना! डबा बदलला. आपल्याकडे नाही का, नवे पडदे लावले की भिंत कळकट दिसते? तसं! शेवटी परकारभाई घरी आले, स्क्रूड्रायव्हर फिरवत म्हणाले, "आता ही जुनी डिस्क. खरी आळशी हीच. ही काढली की पट्टी डोळ्याचं पातं लवायच्या आत भरेल."

नलूकाकू दारात उभ्या. म्हणाल्या, "म्हणजे वेळ खात होती ती हीच का?"

"हीच, काकू. सगळा वेळ हिच्यात जायचा."

"मग ती मला द्या."

परकारभाई हसले. उपेंद्रही हसला. म्हातारपणी माणसाला काय काय साठवावंसं वाटतं! डिस्क आईच्या हातावर ठेवली आणि विसरून गेला.

आणि मंडळी, रविवार उजाडला! चार वाजले. पट्टी दिसली आणि दिसेपर्यंत भरली. मकरंद ओरडला, "वा दादा!" उपेंद्रला आभाळ ठेंगणं! नलूकाकू स्टूल घेऊन आल्या, तोवर दोघे तटावर चढलेले. "आई, सुरू झालं. नंतर हं." नंतर कसलं? एका किल्ल्याच्या वेळात तीन किल्ले! संपल्यावर मकरंद म्हणाला, "मस्त, दादा, चलो!" गेला.

पुढच्या रविवारी काकू चारच्या आधीच येऊन बसल्या. पण नव्या सामानात हेडफोनही आला होता. मकरंदचा आवाज आता फक्त उपेंद्रच्या कानात. काकू बसल्या. मुलाच्या पाठीकडे बघत बसल्या. "डावीकडे! मागे बघ! मार!" एवढं ऐकलं आणि उठून गेल्या.

चहा देताना म्हणाल्या, "उपू, मला मक्याला एक विचारायचंय. या दसऱ्याला येतोस का, म्हणून."

"मग विचार ना! फोन कर."

"फोनवर नको रे. 'बघतो' म्हणेल. पट्टी भरताना विचारलं असतं, तर थोडं ऐकून घेतलं असतं त्याने."

"आई, पट्टी गेली आता!" केवढ्या अभिमानाने म्हणाला! "तू सांग, मी विचारतो त्याला."

विचारलं का? नाही. खेळात विसरला. वाईट होता का उपेंद्र? मुळीच नाही! तुमच्या-माझ्यासारखा चांगला माणूस! म्हणूनच सांगतोय.

खंडेनवमी आली, ती नेमकी रविवारी. काकूंनी नव्या डब्याला कुंकवाचं एक बोट लावलं, आणि तबक घेऊन आतल्या खोलीत गेल्या. आत कसलं शस्त्र आहे, उपेंद्रला वाटलं. पण चार वाजत आले होते.

दसरा गेला. दिवाळी गेली. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, भाजी निवडता निवडता, नलूकाकू भिंतीला टेकल्या. त्या टेकल्याच.

आणि मकरंद आला! मंडळी, दुसऱ्या दिवशी आला! बारा वर्षं न मिळालेली रजा एका फोनवर मिळाली! मिळते हो. त्या एका कामाला सगळ्यांना मिळते.

दिवस झाले. आईचं कपाट आवरायला दोघे भाऊ बसले. लुगड्यांच्या खाली खणाच्या तुकड्यात काहीतरी जड. मकरंदने उलगडलं. ती जुनी डिस्क! वर हळदकुंकू, चिकटलेल्या अक्षता, वाळलेलं झेंडूचं फूल.

"दादा, हे काय? हे कशाला पुजलंय?"

उपेंद्रला सगळं कळलं. एका क्षणात भरलं हो, नव्या मशीनसारखं! डिस्क त्याने मकरंदच्या हातातून घेतली. मग म्हणाला, "तिची चार मिनिटं आहेत ती. तुझ्याशी बोलायची. मी काढून टाकली."

"काय बोलायचं होतं तिला?"

"दसऱ्याला येतोस का, एवढंच."

"मग विचारलं का नाही कुणी मला?"

उपेंद्र म्हणाला, "आपण किल्ला घेत होतो, मक्या."

मकरंद परत गेला. रविवारी चार वाजतात. मशीन अजून तसंच वेगवान आहे. कुणी सुरू करत नाही.

मंडळी, चुकचुकू नका! त्या फणसळकरांसाठी चुकचुकणं सोपं आहे. माझं कीर्तन तुम्ही घरी दीडपट वेगाने ऐकता, मला ठाऊक आहे! चालेल. मी परका. पण घरात कोण स्टूल घेऊन तुमच्या मागे बसतं, आणि तुम्ही त्याला 'करतो हं' म्हणता?

आता गजर करायचा, आरती करायची, प्रसाद घ्यायचा. करू. पण आधी एक. तबला थांबवा. जोगळेकर, पेटी मिटा. नुसती चार मिनिटं बसू. काही करायचं नाही. ज्याला जे विचारायचं राहिलंय, त्याचं तोंड डोळ्यांपुढे आणायचं.

...

कोण उठलं? चपला शोधताय?

बसा. अजून एकच मिनिट झालंय.