वहिनी सहाला येते

—नाही हो काका, मी कशाला हात लावतोय? आपोआप बंद पडला. गाडी इथंच जिन्यासमोर उभी, मी वर घरात, आणि स्टिरिओ आपला आपण गेला. वस्तूचं आयुष्य असतं की नाही? माणसाचं पण— ते जाऊ दे. तुम्ही बघा.

हा स्क्रूड्रायव्हर? तो इथंच पडलेला असतो. बरं, टोक काळं झालंय, मान्य. बरं, जरासा लागला. जरासाच! अहो, डाव्या दारातला स्पीकर खरखर करतो. दादा दोन वर्षं म्हणतोय, रविवारी बघतो, रविवारी बघतो. म्हटलं आपणच बघू, किती अवघड असणार? सेट बाहेर ओढला, मागं हा सगळा तारांचा गुंता, त्यात हा घातला— बॅटरीची तार आधी काढायची असते हे तुम्ही आत्ता सांगताय, काका. दुपारी कुठं होतात? चट्ट झालं, निळी ठिणगी उडाली, आणि खेळ खलास.

फ्यूज बघितला ना! तेवढी अक्कल आहे मला. उडालेला होता. मग मी— आधी कबूल करा, ओरडणार नाही. त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि परत बसवला. बघा, ओरडलात! माझ्या आईसारखेच ओरडता. हो, कळतंय, गाडी पेटली असती. वास आला तशी लगेच काढली. लगेच म्हणजे— धूर आल्यावर.

नवा? नको, नवा नाही चालणार. किंमत सांगूच नका. आत सीडी अडकलीय, चार वर्षं झाली. बाहेर येत नाही आणि दुसरी आत जात नाही. अकरा गाणी, त्यातलं तिसरं मध्येच अडखळतं. मला तर पाठ झालंय कुठल्या शब्दावर ते. आता ती सीडी वहिनीला लागते. म्हणजे काय— सहाला ती कामावरून येते. पर्स खांद्याला तशीच. वर येत नाही, आधी गाडीत बसते. स्टिअरिंगपाशी नाही, शेजारच्या, तिच्या नेहमीच्या सीटवर. काचा वर करते, सीडी लावते. दहा मिनिटं. मग तोंड पुसते, वर येते आणि मला विचारते, भाजी चिरलीस का रे? घरात तिनं डोळ्यातून टिपूस काढलेलं नाही. आईपुढं नाही, माझ्यापुढं नाही. मी काय खिडकीतून बघत नाही हां, दिसतं म्हणून सांगतो.

आज एकोणीस दिवस. दादा कामावर गेला, डबा खाल्ला, खुर्चीत टेकला आणि उठलाच नाही. चौतीस वर्षांचा. तुम्ही तारा बघा ना काका, माझ्याकडं काय बघताय? किती वाजले?

ए लागला! दिवा लागला! काका, हातांना सोन्याचं कडं घालीन तुमच्या— बरं, बाता मारत नाही. म्हणजे सेटला मागून स्वतःचा वेगळा फ्यूज असतो? आणि माझ्या चांदीच्या नादात तो जळला, म्हणून बाकी सगळं वाचलं? शहाणा निघाला की. माझ्यापेक्षा तरी.

हां. हे आलं. कोड मागतोय. हेच होणार होतं, मला माहीत होतं— वीज तुटली की मागतोच तो. दादानंच घातलंय हे कुलूप. कुणासाठी? माझ्यासाठी, दुसऱ्या कुणासाठी! मी गाणी लावून दोनदा बॅटरी उतरवली, तेव्हापासून. मी काही उपद्व्याप केला की हा काय करायचा, बॅटरीची तार काढायचा, परत लावायचा आणि वर जाऊन झोपायचा. मी खाली बसलोय आकडे दाबत! तीन चुकले की तासभर मुका. दुसऱ्या दिवशी येऊन हाताचा आडोसा करून कोड टाकायचा स्वतः, आणि असा हसायचा डुकरासारखा. मी शेकड्यांनी आकडे लावले असतील काका. गाडीचा नंबर, घराचा नंबर, त्याच्या बुटाचा नंबर.

थांबा, त्याची जन्मतारीख— चुकला. विचार काय करायचा त्यात? वहिनीची तारीख— अहो, दाबून झालं! ओरडता काय सारखे? हो, एकच राहिला. पावणेसहा झालेत, तासभर मुका झाला तर ती येऊन बसेल आणि— नाही, आता नाही दाबत. हे बघा, हात मांडीखाली घेतले.

माझी जन्मतारीख? छे! तो कशाला माझी ठेवेल? मला नावानंसुद्धा हाक मारायचा नाही. एकशे सत्तेचाळीस म्हणायचा. दहावीचे मार्क माझे. एका विषयाचे नाहीत हो, सगळे मिळून! भर रस्त्यात ओरडायचा, ए एकशे सत्तेचाळीस, दूध आण. पोरी बघायच्या. त्याच्या लग्नात त्यानं सासऱ्यांना ओळख करून दिली, हा माझा धाकटा, एकशे सत्तेचाळीस. मी आठवडाभर बोललो नव्हतो.

का थांबलात?

नाही. तीनच आकडे होतात. इथं चार लागतात. सुरुवातीला शून्य? अजून एक शून्य मलाच लावा तुम्ही, गणितात मिळालं ते काय थोडं होतं!

काका, तुम्ही दाबा. नको, नको, मी दाबतो. नाही निघाला तर? तास काय, जाईल तास, वहिनीची मी माफी मागेन, त्याचं काही नाही. पण नाही निघाला तर मग मी— जाऊ दे. शून्य. एक. चार.

सात.

अरे, डुक्कर! अरे, चार वर्षं! बुटाचा नंबर लावत बसलो मी, आणि हा हाताचा आडोसा करून मलाच— ऐका, ऐका, तिसरंच लागलंय. आता अडखळेल. आता. अडखळलं!

खरखर? हो, डावा स्पीकर. नाही, हात लावायचा नाही. तुमचा स्क्रूड्रायव्हर आत ठेवा, काका, गमतीनं नाही सांगत. राहू दे तसाच. रविवारी बघू. आणि मी रडत-बिडत नाहीये, त्या चांदीचा धूर अजून आत आहे.

ती बघा, फाटकाशी आली. उचला, पेटी उचला! त्या बाजूनं जा, भिंतीकडून. पैसे उद्या दुकानात येऊन देतो, आणि तिनं विचारलं तर तुम्ही पत्ता विचारायला आला होतात. कोड? सांगाल कुणाला तर बघा. जा ना आता! आणि हे बंद कुठून— तार नका काढू! बटणानं. बटणानं करा. तिचं तिला लावू दे.