भाऊजींच्या पोटदुखीचा टॅक्स

आमच्या भाऊजींचं पोट काहून दुखे, हे आम्हाले सीएच्या ऑफिसात कळलं.

भाऊजी रमीचे पक्के खेळाडू, रायपुरातली एक बी स्पर्धा सोडत नाहीत. जिंकले की घरी जिलेबी आणणार. हारले असं मात्र ताईनं कधी ऐकलंच नाही. यंदा रिटर्न भराले ताई अन् मी बी त्यांच्यासंग सदर बाजारात गेलो. सीएनं सांगितलं, पत्त्यात जिंकलेल्या पैशावर तीस टक्के टॅक्स लागते.

भाऊजीनं ताईकडे चोरून पाहिलं अन् हिंमत करून म्हणाले, "पण मी हारलो बी आहे ना! जिंकलो त्याहून जास्त. ते वजा करा."

सीए म्हणाला, "भैया, कानून हार नहीं देखता, सिर्फ जीत देखता है."

म्हणजे कबुली बी दिली अन् टॅक्स बी बसला! मले वाटलं, ताई आता भडकते. पण तिचा आवाज एकदम नरम. "पोट दुखते म्हणून जेवत नव्हते, ते हारलेले दिवस होते? अन् मी ओवा देत राहिली! एकट्यानं काहून सोसलं?"

आता भाऊजी खेळून आले की ताई दारातच विचारते, "जिलेबी का ओवा?"