बॅनरवरचे बाबा

भिवंडी स्टँडवर वळ गावाला जाणाऱ्या रिक्षेच्या रांगेत माझ्यामागे बहीण-भाऊ भांडत होते.

“हलदीच्या बॅनरवर आपल्या गेलेल्या बाबांचा फोटो लावायला सांगितलेला. हा कोनाचा लावलास, प्रितेश?”

“ताई, बाबांचा फोटो स्कॅनच होईना. लिनक्सवर आपला स्कॅनर चालत न्हाय.”

“मंग कंप्युटरवरचं विंडोज काढून ते लिनक्स टाकलंस कशाला?”

“फुकट हाय. व्हायरस पन येत न्हाय.”

“आग लागो तुझ्या लिनक्सला! फोटो कोनाचा?”

“माझाच. गिम्प म्हनून फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर हाय, त्यात केस पांढरे केले, मिशी लावली. सगले म्हनतात ना, मी बाबांसारखा दिसतो? आईला पन कललं न्हाय.”

“हसतोस काय? आईनं सकाली त्याच फोटोला हार घातलाय, प्रितेश. आपल्या जित्या लेकाला!”